खिमट आणि झोप : एका कार्डाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

कोल्हापुरातल्या फुलेवाडीच्या अंगणवाडीत मागच्या मातासभेला बाईंनी एक रिकामा डबा फिरवला होता. चारचौघीत विचारायला ज्यांना संकोच वाटतो त्यांनी चिठ्ठी टाकायची. तो डबा आज माझ्या टेबलावर उघडला. लसीनंतरचा ताप, शी हिरवी होणं, दूध पुरतं की नाही, असं बरंच काही निघालं. पण एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा येत होता: वरचं (म्हणजे आईच्या दुधाशिवायचं अन्न) चालू केलं की बाळ रात्री झोपेल का? एका चिठ्ठीवर एवढंच होतं, "चौथा महिना चालू आहे. मी झोपले नाही. खिमट देऊ का." पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. खिमट म्हणजे भाजलेल्या तांदूळ-मूगडाळीचं पीठ मऊ शिजवून केलेलं बाळाचं पहिलं जेवण. ती चिठ्ठी मी या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे.

ठरलं ते असं: दोन्ही बाजूंनी छापलेलं एक कार्ड करायचं. जाड कागद, वर भोक, पाळण्याजवळच्या खिळ्याला अडकवता येईल असं. मजकूर मी लिहायचा, चित्रं माझी मैत्रीण काढणार, डॉक्टर तपासून देणार आणि बाई ते बायकांसमोर वाचून बघणार. जुलैच्या मध्यावर अंगणवाडीत अन्नप्राशनाचा कार्यक्रम आहे, तोपर्यंत हातात हवं.

४ जून, बुधवार

वाचन. आधी जुनं. १९८९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एक प्रयोग झाला होता. १०६ बाळं घेतली. काहींना पाचव्या आठवड्यापासून आणि बाकीच्यांना चार महिन्यांपासून, झोपायच्या आधी बाटलीतल्या दुधात धान्याचं पीठ मिसळून दिलं. मग कोण सलग किती तास झोपतं याच्या नोंदी आठवड्यामागून आठवडे ठेवल्या. दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. ज्या वयात जी बाळं रात्रभर झोपायला लागायची ती तशीच लागली, पोटात पीठ असो की नसो.

हे वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान बऱ्याच बाळांची झोप आपोआपच जरा जुळून येते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास अंधार-उजेड शरीराला कळायला लागतो, रात्रीची झोप लांबत जाते. आपल्याकडे खिमट सुरू होतं तेही याच सुमारास. मग घरात सगळे म्हणतात, बघ, खिमटानं झोपायला लागलं. खिमट नसतं दिलं तरी त्याच आठवड्यात झोपलं असतं का, हे त्या घराला कधीच कळणार नाही. तेवढ्यासाठीच दोन गट लागतात.

५ जून, गुरुवार

आज उलटं सांगणारा अभ्यास. खरं सांगायचं तर हा वाचून मला रात्री चैन पडली नाही.

इंग्लंड-वेल्समधली १३०३ बाळं, सगळी अंगावर पिणारी. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला तिसरा महिना पूर्ण झाल्यावर दुधासोबत वरचं अन्न सुरू केलं, दुसऱ्याला साधारण सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. मूळ हेतू अन्नाच्या ॲलर्जीचा होता, झोपेच्या नोंदी सोबत घेतल्या. २०१८ मध्ये झोपेचे आकडे छापून आले. लवकर सुरू केलेली बाळं जास्त झोपली. फरक सर्वांत मोठा दिसला तो सहा महिन्यांच्या वयाला: रात्रीला १६.६ मिनिटं. रात्री उठण्याचं प्रमाण सरासरी २.०१ वरून १.७४ वर आलं.

म्हणजे आज्जी म्हणतात त्यात काहीतरी आहे. पाव तास आहे. मात्र दोनदा उठणारं बाळ जवळजवळ दोनदाच उठतं आहे.

यात एक मेख आहे. झोपेची माहिती आईवडिलांनीच भरून दिली होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला आशा असते त्याला रात्र जरा बरी गेल्यासारखी वाटते, हे कुठल्याही घरात होतं. तरीपण अभ्यास मोठा आहे, नीट केलेला आहे, तो बाजूला सारता येणार नाही.

७ जून, शनिवार

बाईंबरोबर घरभेटी. पाऊस थांबून थांबून.

दुसऱ्या घरात बाळ साडेचार महिन्यांचं, मुलगा. आज्जींनी मोठ्या हौसेनं बाळगुटीचा डबा दाखवला. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, खारीक, बदाम, सुंठ, सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, आणि जायफळ वेगळ्या पुडीत. सहाणेवर जायफळाचा एक वळसा झिजून खोलगट झालेला होता. मी विचारलं, हे किती वेळा उगाळता? त्या म्हणाल्या, "एक वळसाच. पण परवा लईच रडत होतं, मग चार वळसे घेतले. झोपलं बघा सकाळपातूर."

मला ते जायफळ हातातून खाली ठेववेना. मोठ्या माणसालासुद्धा जायफळ जास्त झालं तर भ्रम होतो, छातीत धडधडतं. साडेचार महिन्यांच्या बाळाला चार वळसे म्हणजे ती झोप नव्हे, गुंगी आहे. हे मी आज्जींना कसं सांगितलं ते शब्दशः लिहून ठेवते, कारण कार्डावर हाच सूर हवा: "आज्जी, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच उगाळलंत. पण गाढ गुंगीत गेलेल्या बाळाला श्वास अडला तरी उठता येत नाही. एवढं एक थांबवा." त्या गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमची आई उसात भांगलायला जायची. बांधावर झोळीत आमाला टाकायची. झोपवल्याबिगर काम कसं व्हायचं?"

या वाक्यापुढे माझ्याकडे काही नव्हतं. मुंबई इलाख्यात एके काळी कामकरी बायका बाळांना अफूची बाळागोळी द्यायच्या, तीही याच कारणानं. बाळ झोपावं ही गरज नेहमी आईच्या कामातून आणि थकव्यातून आली आहे. आमच्या कार्डात आईचा थकवा नसेल तर ते कार्ड कुणी खिळ्याला लावणार नाही.

निघताना आज्जींनी आणखी एक सांगितलं, ते महत्त्वाचं. त्यांच्या मुलांच्या वेळी दवाखान्यातच सांगायचे की चौथ्यापासून वरचं द्या. त्या खोटं बोलत नाहीत. त्या काळी जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला चार ते सहा महिने असाच होता. सहा महिने फक्त आईचं दूध, हा बदल २००१ चा. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आज्ज्या त्यांना शिकवलेलंच सांगत आहेत.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. सगळ्या बायका वडाला, सभा नाही. दुपारी स्वयंपाकघरात बसून एक हिशेब केला.

एक वाटी पातळ पेज, म्हणजे अंदाजे दीडशे मिली. त्यात माझ्या आईच्या हातानं चमचाभर, वजन केलं तर १० ग्रॅम, तांदूळ. दहा ग्रॅम तांदळातून मिळते जेमतेम ३५ कॅलरी ऊर्जा. तेवढंच आईचं दूध असतं तर १०० च्या आसपास. वाटी भरलेली, पोट टम्म, आणि बाळाला मिळालं दुधाच्या एक तृतीयांश. रात्री झोपायच्या आधी एक पाजणं चुकवून पातळ पेज दिली तर ते बाळ उलट लवकर भुकेलं व्हायचं.

हे मला आधी कळायला हवं होतं. पाच वर्षं एका दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागात बसत होते तेव्हा "रात्री जरा पोटभर द्या, झोपेल" हे वाक्य मी स्वतः किती जणींना सांगितलं आहे. कुठे वाचलेलं नव्हतं. सगळे म्हणायचे म्हणून म्हणायचे.

१३ जून, शुक्रवार

आज आमच्यात पहिल्यांदा जोरात वाद झाला. १६ मिनिटं कार्डावर घ्यायची की नाही?

डॉक्टरांचं म्हणणं, नको. "तुम्ही पाव तास लिहाल, ती वाचेल की वरचं लवकर दिलं तर झोपतं. चौथ्या महिन्यात वाटी सुरू होईल. इथलं पाणी, पावसाळा, बाटल्या, जुलाब, हे सगळं कोण निस्तरणार?" त्यांची काळजी खरी आहे. तो अभ्यास जिथे झाला तिथे नळाचं पाणी थेट पितात. आपल्याकडे सहा महिन्यांच्या आत बाहेरचं काही पोटात गेलं की जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो, आणि आईचं दूध तेवढं कमी प्यायलं जातं.

माझं म्हणणं, लिहायचंच. आज्ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे की थोडा फरक पडतो. आम्ही "काहीच फरक पडत नाही" असं छापलं तर पहिल्याच ओळीला त्या म्हणतील, ह्यांना काय कळतंय. मग जायफळाची ओळ कोण वाचणार?

मैत्रिणीनं विचारलं, "पाव तास म्हणजे किती, हे चित्रात दाखवता येईल का?" आणि तिनं कागदावर एक लांब काळा पट्टा काढला, रात्र. त्याच्या टोकाला एक नखाएवढा पांढरा तुकडा. हीच पंधरा-सोळा मिनिटं. डॉक्टर बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "असा दाखवणार असाल तर घ्या. पण धोका त्याच्याच शेजारी लिहा, मागच्या पानावर नको."

१६ जून, सोमवार

काल रात्री दादाकडे राहिले, कळंब्याला. भाची साडेपाच महिन्यांची. वहिनी गेले महिनाभर दोन-दोन तासांच्या तुकड्यांत झोपते आहे. मी म्हटलं, आज मी जागते आणि लिहून काढते.

९.१० ला अंगावर पिऊन झोपली. १०.०५ ला हलली, तोंड चावल्यासारखं केलं, मान इकडून तिकडे. मी हात लावणार होते पण थांबले. दोन मिनिटांत पुन्हा शांत. ११ च्या सुमारास पुन्हा तसंच. बाळाची झोपेची एक फेरी साधारण ५० मिनिटांची असते हे पुस्तकात वाचलेलं, आज घड्याळात दिसलं. आपणही दर दीड तासाने असे वर येतो, कूस बदलतो आणि विसरतो.

१२.४० ला डोळे उघडले आणि रडणं सुरू. वहिनी उठायच्या आत मी उचललं. मूठ तोंडात घातली नाही, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं नाही, नुसती किरकिर. खांद्यावर घेऊन दारापर्यंत चार चकरा मारल्या, ढेकर आला, झोपली. २.५० ला उठली तेव्हाचं रडणं निराळं होतं. मान वळवून शोधत होती, मूठ चोखत होती. वहिनीनं झोपेतच कुशीत घेतलं. दहा मिनिटं सलग गिळण्याचा आवाज, मग हात सैल पडला. ५.१५ ला जागी झाली ती हसत. भूक नाही, रडणं नाही. तिची सकाळ झाली होती.

तीन वेळा जाग, त्यातली एकच भुकेची. वहिनीला सकाळी हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मी तिन्ही वेळा पाजलं असतं. अंधारात कुठलं रडणं कसलं, ते ऐकायची ताकद नसते वन्सं."

आई चहा गाळत होती. म्हणाली, "मग पाचव्यात उष्टावण केलं असतं तर? मुलीचं विषम महिन्यातच करत्यात."

१७ जून, मंगळवार

आईचं वाक्य दिवसभर डोक्यात. मुलीचं उष्टावण पाचव्या-सातव्या महिन्यात, मुलाचं सहाव्या-आठव्या, ही आपल्याकडची रीत. आणि घरी महिने मोजतात ते चालू महिने. सहा महिने पूर्ण म्हणजे सातवा लागलेला! मुलीच्या उष्टावणाला सातवा महिना अगदी रीतीत बसतो, सल्ल्यातही बसतो. मुलाच्या बाबतीत मात्र "सहावा" म्हणजे पाचच पूर्ण झालेले असतात. तिथे एक महिना हातचा जातो. म्हणून कार्डावर "सहाव्या महिन्यात" हा शब्दच नको. "सहा महिने पूर्ण, सातवा लागला की" असं लिहायचं. मुलाचं उष्टावण समारंभानं आठव्यात करायचं असेल तर जरूर करा, जेवण मात्र सातवा लागल्याबरोबर सुरू.

आईला फोनवर सांगितलं. तिला पटलं. सातव्यात करू म्हणाली, आणि मामाला आधी कळवायला हवं.

१९ जून, गुरुवार

आणखी एक अभ्यास सापडला आणि कालपरवाची रात्र त्यात जशीच्या तशी बसली. २०१५, वेल्समधलं स्वान्सी, सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या ७१५ आया. रात्री एकदा तरी उठणारी बाळं ७८.६ टक्के. रात्री दूध पिणारी ६१.४ टक्के. अंगावर पिणारी आणि बाटलीनं पिणारी, उठण्यात फरक नाही. आणि मुख्य मुद्दा असा: दिवसा जास्त जेवणारी किंवा जास्त दूध पिणारी बाळं रात्री पाजायला कमी वेळा लागली, पण उठली तेवढीच.

भूक कमी होते, जाग कमी होत नाही. वरच्या अन्नाकडून नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे दोन आठवडे मी शोधत होते.

कॅनडातला २०१८ चा एक अभ्यासही नोंदवून ठेवते. सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती, वर्षाच्या बाळांतही सुमारे २८ टक्के. अशा बाळांच्या वाढीत किंवा हुशारीत काही उणं आढळलं नाही. ही ओळ शेजारणीच्या "आमचं तर तिसऱ्यातच रातभर झोपायचं" या वाक्यावर उपयोगी पडेल.

२१ जून, शनिवार

पहिला कच्चा नमुना सभेत दाखवला. फसला.

मजकुरात चूक नव्हती. समोरच्या बाजूला वर वाटी-चमचा, मध्ये चंद्र, खाली झोपलेलं बाळ, असं सुंदर चित्र होतं. अक्षर न वाचणाऱ्या एका आज्जींनी कार्ड हातात घेतलं, बोट वाटीवरून चंद्रावर आणि चंद्रावरून बाळावर फिरवलं आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "हां, रातच्याला खिमट द्या, मग झोपतंय." आम्ही जे नाही म्हणत होतो तेच आमचं चित्र सांगत होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी मैत्रिणीकडे.

वाटी एका बाजूला, रात्र दुसऱ्या बाजूला. एकाच पानावर दोन्ही नकोत. वाटीच्या बाजूला सूर्य काढायचा, कारण नवं अन्न सकाळी किंवा दुपारी द्यायचं. काही सोसलं नाही, अंगावर पुरळ आलं, तर दिवसाउजेडी कळतं. रात्रीच्या बाजूला फक्त आई, बाळ आणि आणखी एक माणूस. तो माणूस कोण, यावर पुढे.

२४ जून, मंगळवार

वाटीची बाजू पूर्ण. इथे मन रमलं, कारण इथे ठामपणे सांगण्यासारखं भरपूर आहे.

सहा महिने झाले की वरचं अन्न हवंच हवं. झोपेसाठी नाही, लोहासाठी. जन्मताना अंगात आणलेला लोहाचा साठा तोवर संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या अन्नातून यायला हव्यात, नऊ ते अकरात ३००. सुरुवातीला दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. दूध चालूच.

खिमट आईच्या पद्धतीनं: तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, मंद आचेवर वेगवेगळी भाजायची. डाळीचा खमंग वास सुटला की उतरवायची. चिमूटभर जिरं घालून मिक्सरला रवाळ काढायचं. दोन मोठे चमचे पीठ, म्हणजे साधारण २० ग्रॅम, गार पाण्यात कालवून मग शिजवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. वर छोटा चमचा तूप. हिशेब केला: पिठाचे ७०, तुपाचे ४५, मिळून ११५. दहा तारखेच्या त्या पातळ पेजेच्या तिपटीहून जास्त, वाटी तीच.

घट्टपणाची खूण शोधायला अर्धा तास गेला. "मध्यम घट्ट" कुणाला कळत नाही. शेवटी चमचा तिरका धरून बघितला. पेज घळकन ओघळली. खिमट चमच्यालाच धरून राहिलं, मग सावकाश घसरलं. हेच चित्र घ्यायचं. चमचा तिरका केला की ओघळलं तर पातळ.

पहिले काही दिवस बाळ जिभेनं बाहेर ढकलतं. त्याला आवडलं नाही असं नव्हे, जिभेची ती सवय जायला वेळ लागतो. मान धरता येणं, आधारानं बसणं, आपल्या ताटाकडे हात टाकणं, या खुणा चित्रात. मीठ-साखर वर्षापर्यंत नको. कोल्हापुरात हे लिहायचं म्हणजे गुळाचाही उल्लेख करावाच लागतो, तोही नको. मध तर वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही, त्यातल्या जिवाणूंच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं. बाटलीत पीठ कालवून देऊ नये, ठसका लागून जिवावर बेततं. म्हशीचं दूध वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी नको. यावर गंगावेशीच्या कट्ट्यावरून रोज धारोष्ण दूध आणणारे एक आजोबा नाराज होतील हे मला ठाऊक आहे. ते दूध त्यांनी सुनेला द्यावं.

पुढच्या आठवड्यांत हळूहळू: नाचणी सत्त्व, कुस्करलेलं केळं, लाल भोपळा, भाजी घातलेली मऊ खिचडी, आणि ज्या घरात चालतं तिथे शिजवलेलं अंडं, मऊ शिजवून बारीक केलेलं मटण. तांबडा-पांढरा नव्हे. रस्सा म्हणजे पाणी, मीठ आणि तिखट. लोह मटणात आहे.

२८ जून, शनिवार

रात्रीच्या बाजूवरचा तिसरा माणूस.

मैत्रिणीनं आधी आज्जी काढली होती. बाई म्हणाल्या, बाप काढा. मग प्रश्न आला की इथले कितीतरी बाप गोकुळ शिरगावला, शिरोलीला फौंड्रीत पाळीवर असतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला रात्री उठ म्हणून कसं सांगणार? एक आई तिथेच बसली होती, तिचा नवरा पाळीवरच असतो. ती म्हणाली, "पहाटे सहाला येत्यात. तवा बाळ जागंच असतंय. दोन तास त्यांनी घेतलं तर मला दोन तास सलग मिळतील की. मी कधी मागितलंच न्हाई."

दोन तास सलग. अभ्यासातल्या १६ मिनिटांच्या शेजारी मी हा आकडा लिहून बघितला आणि कार्डाची रात्रीची बाजू सगळी बदलली. आता वर लिहिलं आहे: बाळ उठलं की आधी ऐका. मूठ चोखतंय, तोंडानं शोधतंय तर पाजा. नुसती किरकिर असेल तर दुसऱ्या कुणी खांद्यावर घ्यावं. खाली एक रिकामी ओळ: "आज कोण उठणार". पेन्सिलीनं लिहायची, रोज पुसायची.

त्या आईचं नाव मी विचारलं नाही, पण ही ओळ तिची आहे.

३ जुलै, गुरुवार

डॉक्टरांनी तपासून परत दिलं. तीन दुरुस्त्या. "रात्री पाजू नका" असं वाटू शकेल अशी एक ओळ होती ती काढली. सहा महिन्यांनंतरही रात्री एक-दोनदा पाजणं अगदी साधं आहे. उताणं झोपवा, उशी नको, हे घातलं. आणि दवाखान्यात कधी न्यायचं ते ठळक केलं: ताप, श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, लघवी कमी होणं, वजन न वाढणं, बाळ उठवूनही न उठणं. शेवटच्या कलमाखाली जायफळाची ओळ आली. तिथेच तिची जागा होती.

आईसाठीही एक ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली: बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

९ जुलै, बुधवार

दुसरा नमुना, तीच सभा, त्याच आज्जी. कार्ड वाटीच्या बाजूनं धरलं, सूर्यावर बोट ठेवलं: "दिवसा द्यायचं." उलटलं. काळ्या पट्ट्याच्या टोकावरचा पांढरा तुकडा नखानं खरवडून बघितला. "हे काय?" बाईंनी सांगितलं, चौथ्यात खिमट चालू केलं तर जास्तीत जास्त एवढी झोप वाढते, आणि त्याच्यासाठी जुलाबाचा धोका घ्यायचा. आज्जींनी पट्टा पुन्हा पाहिला. "एवढ्यासाठी न्हाई करायचं," म्हणाल्या आणि कार्ड शेजारणीकडे दिलं.

छपाईला टाकलं.

१४ जुलै, सोमवार

अन्नप्राशनाचा कार्यक्रम. बाहेर पावसाची झड. सतरंजीवर पाट, पाटाभोवती रांगोळी, बाळांना टोपडी. बाईंनी सकाळीच येऊन खिमट शिजवलं होतं, चमचा तिरका करून मला लांबूनच दाखवला. पहिल्या बाळानं अर्धा चमचा तोंडात घेऊन सगळा हनुवटीवर सोडला, तिसऱ्यानं वाटीतच हात घातला.

साडेपाच महिने पूर्ण झालेल्या मुलाच्या आज्जी, त्या जायफळवाल्या, नातवाला घेऊन आल्या होत्या. त्याला खिमट द्यायला अजून पंधरा दिवस आहेत, हे त्यांनीच बाईंना सांगितलं.

पहिल्या चिठ्ठीची मालकीण कोण ते मला आजही माहीत नाही. पण संध्याकाळी दादानं त्यांच्या खिळ्यावरच्या कार्डाचा फोटो पाठवला. भाचीचं उष्टावण मागच्या आठवड्यातच झालं, मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीतून. आता ती दुपारी चार-पाच चमचे खिमट खाते आणि रात्री अजून तीनदा उठते. रिकाम्या ओळीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: "१ पर्यंत दादा. पहाटे आई. मधलं वहिनी." खाली आईच्या अक्षरात: "पुढच्या वेळी पेन्सिलीला दोरी बांधून द्या, हरवते."

दुसऱ्या छपाईत पेन्सिलीसाठी दुसरं भोक.